तीस जूनपर्यंतची सही

३ मार्च, मंगळवार

आज कोणावर तरी ओरडायचं होतं. समोर फक्त मऊसाहेब होते, आणि त्यांच्यावर ओरडणं म्हणजे उशीवर गुद्दे मारणं. म्हणून ही वही काढली. औषध कंपनीने फुकट वाटलेली आहे, प्रत्येक पानाखाली पोटदुखीवरच्या गोळीची जाहिरात. चालेल.

झालं असं. आमच्या हॉस्पिटलच्या प्रत्येक मजल्यावर ज्या कंपनीच्या नेटवर्कच्या पेट्या बसवल्यात, तीच कंपनी आम्हा इंजिनिअर लोकांची परीक्षा घेते आणि प्रमाणपत्र देते. ते तीन वर्षं चालतं, मग पुन्हा परीक्षा. मी सात वेळा दिली आणि सातही वेळा पहिल्या फटक्यात पास झाले. आज पत्र आलं की जुनी परीक्षा बंद. तीन पायऱ्या होत्या त्यांची एकच केली आहे, आणि तिच्यात जवळजवळ अर्धा भाग प्रोग्रॅम लिहिण्याचा. म्हणजे पेटीशी आपण बोलायचं नाही, आपण लिहिलेला प्रोग्रॅम बोलणार. जुनी प्रमाणपत्रं तीस जूनला रद्द, मुदत कितीही उरलेली असली तरी. माझी दोन वर्षं उरली आहेत.

मऊसाहेब आमचे विभागप्रमुख. आवाज इतका मऊ की माणूस बदलीचा कागद घेऊनही आभार मानत बाहेर पडतो. म्हणाले, "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्या अनुभवाचा आम्हाला आदर आहे."

ऑफिसात कोणी आदर म्हणालं की मी आधी खुर्ची घट्ट धरते.

आमच्याकडे नियम आहे. नेटवर्कमध्ये काहीही बदलायचं तर बदलांच्या नोंदवहीत प्रमाणपत्रवाल्या इंजिनिअरची सही लागते. सहीशिवाय पेटीला कोणी बोट लावायचं नाही. एकोणीस वर्षं ती सही माझी आहे. एक जुलैला माझी सही आणि शिपायाची सही सारखीच. नवी परीक्षा दिली तर वाचेल.

देणार नाही. एक्कावन्नाव्या वर्षी मला कोण विचारणार की तुला काम येतं का?

५ मार्च, गुरुवार

आईला सांगितलं. ती भाजी निवडत होती. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सव्वीस वर्षं ऑपरेटर होती, त्यामुळे तिला माझं काम इतरांपेक्षा लवकर कळतं. पेटी म्हणजे तुझा बोर्ड, असं मी तिला पूर्वीच समजावलं आहे. कोणाची तार कोणाला जोडायची ते ठरवणारी. तिचा बोर्ड माणसं चालवायची. मग स्वयंचलित एक्स्चेंज आलं आणि तिला काढलं. मी तेव्हा सातवीत होते. ती एक घड्याळ आणि पुष्पगुच्छ घेऊन घरी आली, आणि आठ दिवस घरात कोणी मोठ्याने बोललं नाही.

मी म्हटलं, "तुझ्यासारखंच चाललंय बघ माझं. मशीन आलं, माणूस गेला."

आई म्हणाली, "शेंगा संपल्या. दोडका आण उद्या."

दुखतं अजून तिला. विषय काढायला नको होता.

१२ मार्च, गुरुवार

माझ्या शेजारच्या टेबलावर बसणारा सहकारी अकरा वर्षं इथे आहे. दोन मुलांचा बाप, मितभाषी. "हो ताई" आणि "बघतो ताई" यापलीकडे त्याचा शब्दसंग्रह मी ऐकला नव्हता. या आठवड्यात त्याला वाचा फुटली. नव्या परीक्षेचं जाडजूड पुस्तक घेऊन येतो आणि शंका विचारतो. मी त्याचं नाव शंकासुर ठेवलं आहे.

"ताई, ही अडतीस पेट्यांची यादी. प्रोग्रॅम एकेकीकडे जाऊन तेच काम करतो म्हणतात. पण मधली एखादी बंदच असली तर काय करतो?"

"मला काय विचारतोस? पुस्तकात बघ."

"बघितलं हो. कळत नाही."

"मग सोडून दे."

"तुम्ही एकदा वाचून सांगता का? तुम्ही सांगितलं की कळतं."

पुस्तक माझ्या पिशवीत कोंबून गेला. माझा त्या पुस्तकाशी काही संबंध नाही, पण माणूस अडला असेल तर सांगावं लागतं. धडा घरी वाचला. सोपा आहे. यात न कळण्यासारखं काय होतं देव जाणे.

२६ मार्च, गुरुवार

संपूर्ण विभागाला मऊसाहेबांचा निरोप: नव्या परीक्षेसाठी नावं द्या, शुल्क हॉस्पिटल भरेल. मी कागदावर माझ्या नावापुढे "नाही" लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.

त्यांनी बोलावून घेतलं. "घाई नाही. विचार करा."

"केला."

"पुन्हा करा."

"साहेब, माझा विचार एकदाच होतो. पुन्हा पुन्हा करावा लागतो त्याला शंका म्हणतात, आणि त्या शेजारच्या टेबलावर मिळतात."

ते हसले. मला हसवायचं नव्हतं.

९ एप्रिल, गुरुवार

शंकासुराच्या शंका थांबत नाहीत. परवा तिसऱ्या धड्यातली, काल चौथ्यातली, आज पाचव्यातली. पठ्ठ्या अगदी क्रमाने अडकतो. आज तर उत्तर सांगितल्यावर म्हणाला, "ताई, तोंडी नको, लिहून दाखवा. चालवून बघू." प्रयोगाच्या दोन जुन्या पेट्या आहेत स्टोअरमध्ये, त्या जोडून ठेवल्या होत्या त्याने. मी लिहिलं, चाललं नाही. एका ओळीत जागा जास्त सुटली होती. एवढ्याशा रिकाम्या जागेवरून रुसतं ते! दुसऱ्यांदा चाललं. दोन्ही पेट्यांची माहिती पडद्यावर एकदम आली.

शंकासुराने टाळी वाजवली. मी म्हटलं, त्यात काय, दोन पेट्या तर होत्या.

त्याच्या टेबलावर त्या कंपनीचा निळा मग आहे. परीक्षा पास होणाऱ्यांना देतात म्हणे. कुठल्याशा प्रदर्शनात मिळाला असेल त्याला.

२१ एप्रिल, मंगळवार

हे लिहायचं नव्हतं, पण वही उघडून खोटं कशाला लिहू.

आमच्या कामातली एक सवय आहे. पेटी आपल्यासमोर नसेल, दुसऱ्या इमारतीत असेल, तर बदल करण्याआधी तिला सांगून ठेवायचं: दहा मिनिटांनी स्वतःच बंद होऊन पुन्हा चालू हो. मग बदल करायचा. बदल चुकला आणि आपलाच रस्ता तुटला, तर दहा मिनिटांत पेटी जुन्या रूपात परत येते. बदल जमला तर ती सूचना रद्द करायची आणि नवं रूप पक्कं करायचं. ही सवय मला माझ्या पहिल्या वरिष्ठांनी लावली, मी इथे सगळ्यांना लावली. विसरलेल्यांना काय काय बोलले आहे ते आठवून आज कान गरम झाले.

अडतीस पेट्यांवर एकच बदल करायचा होता. शंकासुर म्हणाला, प्रोग्रॅमने करू. मी म्हटलं, हाताला काय मेंदी लागली आहे? एकेक करत सव्वीस झाल्या. सत्ताविसावी रस्त्यापलीकडच्या रक्ततपासणी केंद्रातली. सूचना दिली, बदल केला, जमला. तेवढ्यात फोन. तिसऱ्या मजल्यावरची परिचारिका, "प्रिंटर मेलाय." प्रिंटरचा प्लग निघाला होता. फोन ठेवला आणि मी सरळ अठ्ठाविसाव्या पेटीकडे गेले.

सत्ताविसावी आपली आज्ञाधारक. दहा मिनिटं झाल्यावर बंद पडली.

सकाळची वेळ. केंद्रात साठेक माणसं उपाशीपोटी रांगेत उभी, नावनोंदणी ठप्प, साडेसहा मिनिटं. एका आजोबांना चक्कर आली, त्यांना बाकावर झोपवून साखरपाणी दिलं. शंकासुर धावत रस्ता ओलांडून गेला. परत येऊन दम खात म्हणाला, "वीज वरखाली झाली असेल ताई. तिकडे होतंच."

त्याला माहीत होतं. मला माहीत होतं की त्याला माहीत आहे. मी नोंदवहीत लिहिलं: सूचना रद्द करायची राहिली, चूक माझी. आणि सही केली.

दिवसभर एकच गोष्ट डोक्यात. यादी वाचत जाणाऱ्या प्रोग्रॅमला मध्येच कोणी फोन करत नाही. असलं काही सुचायला नको होतं मला.

४ मे, सोमवार

मऊसाहेब सहज बोलून गेले की विभागातल्या एकाने नवी परीक्षा जानेवारीतच देऊन टाकली, पहिल्याच तुकडीत. कोण ते सांगेनात, "त्यांनीच सांगू नका म्हटलंय." दुसऱ्या शाखेतला तो चष्मेवाला असणार. नाकाने कांदे सोलतो तो. सगळ्यांच्या आधी पाटावर बसायची घाई.

नवी विद्या म्हणजे कानामागून आली आणि तिखट झाली. प्रोग्रॅम लिहिता येतो म्हणून कोणाला केबल ओळखता येते का? हात लावून सांगते मी कुठली सैल आहे. हे कुठल्या पेपरात विचारणार?

संध्याकाळी आईच्या जुन्या मैत्रिणीचा फोन आला, एक्स्चेंजमध्ये शेजारच्या बोर्डावर बसायची ती. आई मला म्हणाली, "सांग मी झोपलेय." सहा वाजता! गेली कित्येक वर्षं हेच चाललं आहे. त्या बाईंनी काय घोडं मारलंय तिचं, विचारलं तर सांगत नाही.

१७ मे, रविवार

पत्र लिहिलं. मऊसाहेबांना, प्रत वरच्या मोठ्या साहेबांना, प्रत कंपनीला. तीन पानं. परीक्षा देणार नाही, सहीचा हक्क सोडणार नाही, काय करायचं ते करा. पत्र झकास जमलं होतं. दुपारी आईला वाचून दाखवलं. तिसऱ्या पानावर होतं: "माझ्या आईने सव्वीस वर्षं इमानेइतबारे नोकरी केली, आणि यंत्र आल्यावर तिला एका दिवसात घरी पाठवण्यात आलं. तिने ते मुकाट्याने सोसलं. मी सोसणार नाही."

आई म्हणाली, "ते वाक्य काढ."

"कुठलं? मुकाट्याने? बरं, शांतपणे लिहिते."

"सगळंच काढ. खोटं आहे ते."

मला वाटलं तिला ऐकू नीट आलं नाही. पुन्हा वाचायला लागले तर तिने माझ्या हातातला कागद खाली केला.

"काढलं नव्हतं मला. तीन महिन्यांचं शिक्षण देणार होते आणि मग परीक्षा. पास झालं की नव्या मशीनवर. एकवीस जणी होतो आम्ही. सहा बसल्या. सहाही पास झाल्या."

"आणि तू?"

"मी म्हटलं, माझी परीक्षा घेणारे हे कोण? सव्वीस वर्षं मी लोकांची बोलणी जुळवली. कालची पोरं मला बाकावर बसवून शिकवणार?" मग म्हणाली, "छान पत्र लिहिलं होतं मीही. दोन पानांचं. ठसक्यात. साहेबांनी वाचलं आणि फायलीला लावलं. एवढंच झालं त्याचं."

"मग आम्हाला का सांगितलंस, काढलं म्हणून?"

"तुझे बाबा विचारायला लागले तेव्हा तोंडातून निघालं. एकदा निघालं की परत कसं घ्यायचं?"

"आणि तुझी ती मैत्रीण?"

"ती बसली. सुपरवायझर होऊन निवृत्त झाली. मला म्हणत होती, चल गं, दोघी बसू. अजून म्हणायला फोन करत असेल."

एवढं बोलून ती उठून गॅलरीत वाळलेले कपडे काढायला गेली. मी पत्र हातात घेऊन बसले. राग आला, खूप राग आला. एकोणचाळीस वर्षं मी त्या घड्याळाकडे बघून दात ओठ खात आले, कोणीतरी माझ्या आईवर अन्याय केला म्हणून. आणि मलाही तेच करायचं होतं, तेही तिच्या नावावर.

पत्र फाडलं नाही. फाडण्यात पण ठसका असतो. रद्दीत टाकलं.

१८ मे, सोमवार

मऊसाहेबांच्या टेबलावरचा नावांचा कागद मागितला. माझं "नाही" खोडलं. दोन रेघा इतक्या दाबून ओढल्या होत्या की खोडताना कागद फाटला.

"बसताय?" ते म्हणाले.

"बसतेय. पण नियम बरोबर आहे असं मी म्हटलं नाही, हे लक्षात ठेवा. दोन वर्षं उरलेलं प्रमाणपत्र रद्द करणं ही दांडगाई आहे. पास झाले तरी हेच म्हणेन."

"पास झाल्यावर म्हणालात तर जास्त ऐकतील."

मऊ माणूस कधीकधी खरं बोलतो.

७ जून, रविवार

रोज पहाटे दोन तास. एक नवल आहे. पुस्तकाचे पहिले नऊ धडे मला येतातच. शंकासुराला समजावता समजावता झाले असणार. म्हणतात ना, दुसऱ्याला शिकवलं की आपल्याला येतं. त्या बिचाऱ्याला मात्र काही येत नाही अजून, रोज नवी शंका. परवा मीच त्याला म्हटलं, "अरे, तूही बस की परीक्षेला, हळूहळू होईल." तो खोकत खोकत बाहेर गेला. धूळ फार झाली आहे त्या खोलीत.

आई शेजारी बसते, मी लिहिलेल्या ओळी बघते. काल म्हणाली, "हे तर आमच्यासारखंच आहे. आधी विचारायचं लाइन मोकळी आहे का, मग जोडायची." बरोबर आहे तिचं. तिला दोन ओळी वाचून दाखवल्या, तिसरी तिने स्वतः ओळखली.

भीती वाटत नाही. हात गार पडतात ते पंख्यामुळे.

२३ जून, मंगळवार

नापास.

पास व्हायला हजारात आठशे पंचवीस लागतात. मला सातशे शहाण्णव.

चष्म्याच्या दुकानावरच्या मजल्यावर केंद्र आहे. घड्याळ, पेन, रुमाल सगळं काढून कपाटात ठेवायला लावलं, बाह्या दुमडून दाखवायला लावल्या. चाळिशीचा चष्मा सुद्धा उलटापालटा करून तपासला. आयुष्यात मी कधी, अगदी सातवीतही, कॉपी केली नाही, आणि इथे!

प्रोग्रॅमचे प्रश्न गेले म्हणून नापास झाले असते तर काही वाटलं नसतं. ते जमले. नापास झाले जुन्या कामाच्या प्रश्नावर. एक प्रश्न होता, पेटी रस्त्यापलीकडे आहे, बदल कसा कराल? चार पर्यायांतला एकही मला पटेना, कारण चारांतही आधी सुटकेची सोय, आमची ती दहा मिनिटांची सूचना, नव्हती. असं काम कोणी करतं का? त्या एका प्रश्नाशी मी बावीस मिनिटं भांडले. पडद्याशी. शेवटचे सात प्रश्न बघायचेच राहिले.

घरी येऊन आईला सांगितलं की प्रश्नच चुकीचा होता. ती म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं."

"अंगण खरंच वाकडं होतं!"

"असेल. बाकीच्या नाचल्या ना त्यावर?"

मी चिडून आत गेले. मग बाहेर येऊन सांगितलं की दुसऱ्यांदा बसायला पंधरा दिवस थांबावं लागतं, आणि आठ जुलैची वेळ मी त्या चष्म्याच्या दुकानाच्या जिन्यातूनच घेतली आहे. तिने मान डोलावली आणि ताट वाढलं.

पण आठ जुलै म्हणजे तीस जूनच्या पुढे.

३० जून, मंगळवार

शेवटची सही संध्याकाळी पावणेपाचला केली. दुसऱ्या मजल्यावरची बिघडलेली पेटी बदलली त्याची. नेहमीसारखीच केली, लांबवली नाही. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "कामं नाहीत का तुम्हाला?"

१ जुलै, बुधवार

सही कोण करणार असा प्रश्न होता. मऊसाहेबांनी नोंदवही शंकासुरापुढे ठेवली. मला वाटलं चेष्टा आहे.

तोच तो! जानेवारीत पास झालेला. निळा मग त्याचाच. मी त्याला म्हटलं, "मग मला रोज कसल्या शंका विचारत होतास रे?"

मान खाली घालून म्हणाला, "ताई, रट्टा मारून पास झालो हो. कळलं काहीच नव्हतं."

मला आधीच वाटलं होतं. आजकाल असेच पास होतात. तरी बरं, मी समजावून सांगितलं त्याला. नाहीतर हा सही करणारा आणि डोक्यात अंधार, काय झालं असतं हॉस्पिटलचं?

दुपारी मी बदलाचा कागद भरून त्याच्यापुढे ठेवला. त्याने न वाचता सही केली. माझं डोकं फिरलं.

"वाचलंस?"

"तुम्ही लिहिलंय ना ताई."

"कोणीही लिहू दे! मी लिहिलं तरी वाचायचं. एप्रिलमध्ये बघितलंस ना मी काय केलं ते? पुन्हा वाच. बोट ठेवून वाच."

त्याने बोट ठेवून वाचलं. तिसऱ्या ओळीत मजल्याचा आकडा चुकला होता. माझाच. त्याने तो दुरुस्त करायला कागद माझ्याकडे सरकवला आणि खिडकीबाहेर बघत बसला. मी दुरुस्त केला. गिळायला कडू होतं, पण अशीच सही हवी.

मग मऊसाहेब. "ज्येष्ठ मार्गदर्शक" असं पद काढलं आहे म्हणाले माझ्यासाठी. वेगळी खोली, खिडकी असलेली. पेट्यांचे पासवर्ड मात्र माझ्याकडे राहणार नाहीत, "दगदग कशाला". आठ तारखेला काय व्हायचं ते होवो, हे पद तयार आहे.

मी म्हटलं, "खिडकी मी सहा वर्षांपूर्वी मागितली होती. तेव्हा नव्हती. आता पासवर्ड काढून घेऊन देताय. नको."

"सन्मानाचं पद आहे."

"घड्याळ पण देणार का?"

त्यांना कळलं नाही. मी सांगितलं, "साहेब, पुन्हा नापास झाले तर पुन्हा पंधरा दिवसांनी बसेन. त्याच्या पुढच्या पंधरा दिवसांनी परत. तोवर मी शेजारच्या टेबलावरून सही मागेन. लाज वाटेल, वाटू दे. पण खोली नको."

बाहेर येऊन मी सरळ माझ्या टेबलावर जाऊन बसले.

८ जुलै, बुधवार

आठशे एकसष्ट.

तोच रस्त्यापलीकडचा प्रश्न पुन्हा आला. या वेळी त्यांना हवं असलेलं उत्तर दीड मिनिटात दिलं आणि पुढे गेले. घरी आल्या आल्या कंपनीला पत्र लिहिलं की तुमचा प्रश्न चुकीचा आहे, त्यात सुटकेची सोय नाही, आणि अशाने एक दिवस कोणाच्या तरी रांगेत माणसं चक्कर येऊन पडतील. पास झालेल्या इंजिनिअरचं पत्र आहे. बघू, कुठल्या फायलीला लावतात.

ऑफिसला फोन केला तेव्हा शंकासुराने उचलला. आकडा ऐकून इतका ओरडला की मी फोन कानापासून लांब धरला. मग म्हणाला, "उद्यापासून नोंदवही तुमच्याकडे." मी म्हटलं, "दोघांकडे. मी लिहिलं तर तू वाचायचं, तू लिहिलंस तर मी." आठवडाभर त्याने एकही शंका विचारलेली नाही. एकदाचं डोक्यात शिरलं म्हणायचं. शिकवायला मी वाईट नाही.

प्रमाणपत्र तीन वर्षांचं. तेव्हा मी चोपन्न. ते पुन्हा काहीतरी बदलतील, मी पुन्हा भांडेन आणि पुन्हा बसेन.

आईला निकालाचा कागद दाखवला. तिने चष्मा लावून सगळा वाचला, मागची कोरी बाजूसुद्धा. आमच्या घरात कौतुक करायची पद्धत नाही. कागद नीट घडी घालून माझ्या हातात दिला आणि विचारलं, "मी झाले असते का गं पास?"

हो म्हणणं सोपं होतं. तिला तेच हवं होतं असं मला वाटलं. पण नोंदवहीत जे लिहिता येत नाही ते तोंडाने तरी कसं बोलू?

"मला नाही माहीत, आई. तू बसलीच नाहीस."

तिला लागलं. मला दिसलं ते. मला वाटलं आता उठून गॅलरीत जाईल. ती बसून राहिली.

"झाले असते," ती म्हणाली. "सगळ्यांत जास्त गुण मिळवून झाले असते. त्या सहाजणींपेक्षा माझा हात जलद होता."

"मग बसायचं होतंस."

"हो," आई म्हणाली. "बसायला हवं होतं मी."

एकोणचाळीस वर्षांत हे तिने पहिल्यांदा म्हटलं, आणि तेही ठसक्यातच.